बसवरचा 'इंटरनॅशनल' आणि आजीचं इर्जिक

सकाळी सव्वासातला रावेतच्या मुकाई चौकात उभे राहा. पिवळ्या बसेस एकामागून एक येत राहतात आणि त्यातल्या बऱ्याच बसेसवर एक शब्द ठळक दिसतो: इंटरनॅशनल. १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत येईपर्यंत रावेत हे पवनेकाठचं शेतीचं गाव होतं. आता टॉवर उभे आहेत तिथे माझ्या आईनं ज्वारी काढली आहे.

माझी भाची अशाच एका बसनं जाते. गेल्या वर्षी तिनं आजीला विचारलं, "आजी, तू इंग्लिश का नाही शिकत?" आई म्हणाली, "तुझ्याशी बोलायला का गं?" आई हसतच बोलली, पण मला ते लागलं. त्या शब्दाचा माग काढायला मी त्याच रात्री बसलो.

हा शब्द मुळात जाहिरातीतला नव्हे. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाचं मुख्यालय जिनिव्हात आलं. देशोदेशीचे कर्मचारी तिथे बायकामुलांसह राहायला आले आणि त्यांच्या मुलांसाठी १९२४ साली एक शाळा निघाली. पुढे एक व्यवहारी अडचण आली. अशी मुलं मायदेशी परतली की तिथली विद्यापीठं त्यांना कुठल्या परीक्षेवर प्रवेश देणार? त्यातून १९६८ मध्ये जिनिव्हातच आज आपण 'आयबी' म्हणतो ती संस्था स्थापन झाली. म्हणजे ही सोय होती सतत गाव बदलणाऱ्या मुलांची.

आपल्याकडेही ती आली कारखान्यामागून. १९९४ साली मर्सिडीज-बेंझ भारतात आली आणि पिंपरीत टेल्कोच्या आवारात गाड्यांची जुळणी करू लागली. परदेशी इंजिनिअर आले, म्हणजे त्यांची मुलंही आली. १९९८ साली पुण्यात मर्सिडीज-बेंझ इंटरनॅशनल स्कूल सुरू झालं. हिंजवडीतलं आजचं महिंद्रा इंटरनॅशनल स्कूल ते हेच. कंपनीचा कारखाना मात्र २००९ साली चाकणला गेला.

अशा मुलांच्या मनाचा अभ्यासही भारतातूनच सुरू झाला, हे मला ठाऊक नव्हतं. १९५०च्या दशकात जॉन आणि रूथ यूसीम हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ दांपत्य इथे राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करत होतं. आईवडिलांची एक संस्कृती, मुक्कामाच्या देशाची दुसरी आणि या दोन्हींच्या मधोमध वाढणारी मुलं तिसरीतली. 'थर्ड कल्चर किड्स' हा शब्द तिथला. मैत्रिणी दर दोन वर्षांनी तुटत असतील तर मुलीला बोलायला कुणीतरी हवं. शाळेतल्या समुपदेशकाचं काम इथेच येतं.

माझ्या भाचीनं तर गाव कधी सोडलंच नाही. गावच तिच्याभोवतीनं बदललं. तिच्या मजल्यावर लखनौ आहे, चेन्नई आहे आणि बदली झाली की दारावरची पाटी बदलते.

भाषेचा घोळ इथेच आहे. आयबीच्या पदविकेत शाळेत शिकवली न जाणारी मातृभाषासुद्धा मुलाला स्वयंअध्ययनानं, तिच्या साहित्यासह, विषय म्हणून घेता येते. म्हणजे मूळ योजनेत घरच्या भाषेला खुर्ची आहे. ती काढून घेतली आपण पालकांनी, इंटरनॅशनल म्हणजे इंग्रजी असं ठरवून. राज्यानं मध्यंतरी मराठी माध्यमाच्या जिल्हा परिषद शाळांसाठी आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळही काढलं होतं. ते फार टिकलं नाही. २०२० च्या कायद्यानं सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. सक्तीनं तास मिळतो, पण घरी बोलायचं कुणी?

दिवाळीनंतर भाचीला शाळेतून एक काम मिळालं: घरातल्या मोठ्या माणसाची घरच्या भाषेत मुलाखत, तीन मिनिटांची. ती फोन घेऊन आजीसमोर बसली. आजी नांगरटीबद्दल सांगत होती.

"आमचं इर्जिक असायचं."

"इर्जिक म्हणजे?"

"एकाच्या रानात सगळ्यांनी बैल घेऊन जायचं. पैसे नाहीत. जेवण त्याच्याकडं."

"आणि तुझ्या रानात?"

"मग ते आमच्याकडं यायचे."

"ग्रुप प्रोजेक्ट!" भाची ओरडली. आजीला ते कळलं नाही. मग भाचीनं तिला ते मराठीत समजावून सांगितलं, अडखळत, हातवारे करत. रेकॉर्डिंग अकरा मिनिटांचं झालं. बाईंनी तीनच मिनिटं मागितली आहेत आणि भाची एक वाक्य कापायला तयार नाही.