ओढशक्ती आणि इंधनबचत : अमेरिकेतील जड डिझेल पिकअप ट्रकचा इतिहास (१९७५–२०२४)

प्रस्तावना

यंत्राची कार्यक्षमता वाढली म्हणजे इंधनाची बचत झालीच, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये 'द कोल क्वेश्चन' या ग्रंथात या गृहीतकाला आव्हान दिले होते. वाफेची यंत्रे जसजशी काटकसरी झाली तसतसा इंग्लंडमधील कोळशाचा एकूण खप कमी न होता वाढत गेला, असे त्यांचे प्रतिपादन होते. कार्यक्षमतेतून हाती आलेला लाभ समाज कशासाठी खर्च करतो, हा प्रश्न तेव्हापासून तंत्रज्ञानाच्या इतिहासात महत्त्वाचा ठरला आहे. अमेरिकेतील जड डिझेल पिकअप ट्रकचा इतिहास हे या प्रश्नाचे एक बोलके उदाहरण होय.

पुढे चालकाची केबिन व मागे उघडा हौदा अशी रचना असलेल्या वाहनास पिकअप ट्रक म्हणतात. स्वतःचे वजन व अनुज्ञेय भार मिळून ज्यांचे एकूण वजन ८,५०० पौंडांहून (सुमारे ३,८५६ किलोग्रॅम) अधिक भरते, ते पिकअप जड गटात मोडतात. जनावरांचे व घोड्यांचे ट्रेलर, बांधकामाची यंत्रे, नौका आणि प्रवासी फिरती घरे ओढण्यासाठी त्यांचा वापर होतो. ही वाहने विकत घेताना दोन अपेक्षा असतात : अधिक ओझे ओढले जावे आणि इंधन कमी लागावे. या दोन अपेक्षांमधील ओढाताण अभियांत्रिकीने कितपत सोडविली आणि कायद्याने तिला कोणते वळण दिले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

तेलसंकट आणि वजनाची रेषा

१९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने इंधनाच्या प्रश्नाकडे प्रथमच राष्ट्रीय धोरणाच्या दृष्टीने पाहिले. १९७४ मध्ये महामार्गांवरील कमाल वेग ताशी ५५ मैलांवर आणण्यात आला. डिसेंबर १९७५ मध्ये ऊर्जा धोरण व संवर्धन कायदा संमत झाला. या कायद्याने प्रत्येक उत्पादकाच्या मोटारींसाठी सरासरी मायलेजचे बंधन घातले. १९७८ च्या मोटारींसाठी ते गॅलनमागे १८ मैल होते आणि १९८५ साठी २७.५ मैल, म्हणजे लिटरमागे सुमारे ११.७ किलोमीटर, असे उद्दिष्ट ठरविण्यात आले. हलक्या ट्रकनाही पुढे असेच निकष लागू झाले. परंतु त्यांची मर्यादा ८,५०० पौंडांपर्यंत आखली गेली.

वजनाची रेषा वाहनाचे स्वरूप कसे बदलते, याचा अनुभव त्याच सुमारास आला होता. १९७५ च्या उत्सर्जन नियमांत ६,००० पौंडांची सीमा होती. फोर्ड कंपनीने त्या वर्षी बाजारात आणलेला एफ-१५० हा पिकअप त्या सीमेच्या किंचित वर बसविलेला होता. ८,५०० पौंडांच्या रेषेचा परिणाम मात्र अधिक दूरगामी ठरला. या रेषेपलीकडील पिकअपला सरासरी मायलेजचे बंधन नव्हते आणि त्याच्या काचेवर अधिकृत मायलेजची चिठ्ठी लावणेही आवश्यक नव्हते. परिणामी लहान मोटार घेणाऱ्यास इंधनाचा सरकारी आकडा दुकानातच दिसे. सर्वाधिक इंधन लागणारे पिकअप घेणाऱ्यास तो मिळत नसे. ही पोकळी पुढे दुसऱ्याच एका आकड्याने भरून काढली.

डिझेलचे आगमन : दोन वेगळ्या निवडी

डिझेल इंजिनात हवेचा प्रवाह रोखणारी झडप नसते, दाबाचे प्रमाण अधिक असते आणि इंधनाचे प्रमाण भारानुसार कमीजास्त होते. त्यामुळे तेवढ्याच इंधनातून ते पेट्रोल इंजिनापेक्षा अधिक काम करून घेते. दीर्घकाळ जड भार ओढताना हा फरक विशेष जाणवतो, कारण अशा वेळी पेट्रोल इंजिनाला उष्णता आटोक्यात ठेवण्यासाठी जादा इंधन द्यावे लागते. मायलेजच्या आकड्यांची तुलना करताना मात्र एक बाब लक्षात घ्यावी लागते. एक गॅलन डिझेल जळल्यावर सुमारे १०.१८ किलोग्रॅम, तर एक गॅलन पेट्रोल जळल्यावर सुमारे ८.८९ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजेच गॅलनमागे जादा मैल मिळाले तरी त्याच प्रमाणात प्रदूषण घटले असे होत नाही.

जनरल मोटर्सने १९७८ च्या पिकअपमध्ये ५.७ लिटरचे ओल्ड्समोबाइल डिझेल इंजिन उपलब्ध करून दिले. वारंवारच्या बिघाडांमुळे ते अपकीर्त झाले आणि १९८५ नंतर बंद पडले. दरम्यान दोन कंपन्यांनी दोन निरनिराळ्या वाटा स्वीकारल्या. १९८२ मधील जनरल मोटर्सचे ६.२ लिटरचे इंजिन १३० अश्वशक्तीचे होते. चाक फिरविणारा त्याचा जोर, म्हणजे टॉर्क, २४० पौंड-फूट होता. इंधनबचत हेच त्याचे मुख्य प्रयोजन होते. इंटरनॅशनल हार्वेस्टरने घडविलेले आणि फोर्डने १९८३ च्या पिकअपमध्ये बसविलेले ६.९ लिटरचे इंजिन १७० अश्वशक्तीचे व ३१५ पौंड-फूट टॉर्कचे होते; त्याचा भर ओझे ओढण्यावर होता. बचत आणि ओढ यांपैकी कशाला अग्रक्रम द्यावा हा प्रश्न १९८० च्या दशकाच्या आरंभी खुला होता, हे या दोन इंजिनांच्या तुलनेतून स्पष्ट होते.

१९८९ चे वळण

या प्रश्नाचा निर्णय १९८९ मध्ये एका दिशेने झुकला. त्या वर्षी डॉज पिकअपमध्ये कमिन्स कंपनीच्या बी मालिकेतील ५.९ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन आले. शेती व बांधकामाच्या यंत्रांसाठी केस कंपनीच्या सहकार्याने विकसित झालेल्या या इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्ये सोडले जाई आणि हवा दाबून भरण्यासाठी टर्बोचार्जर होता. त्याची शक्ती १६० अश्वशक्ती म्हणजे बेताचीच होती. टॉर्क मात्र ४०० पौंड-फूट (सुमारे ५४२ न्यूटन-मीटर) होता. थेट इंधन सोडण्याच्या पद्धतीमुळे उष्णतेचा अपव्यय टळत असे. म्हणून हे इंजिन एकाच वेळी अधिक ओढणारे आणि काटकसरी ठरले. बचत व ओढ यांत विरोध असलाच पाहिजे असे नाही, हे त्याने दाखवून दिले.

याच मालिकेचा भारताशीही संबंध आहे. पुण्यात १९६२ पासून किर्लोस्कर-कमिन्स ही कंपनी इंजिने तयार करीत होती. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या टाटा-कमिन्स कंपनीने बी मालिकेची इंजिने जमशेदपूर येथे आणि पुढे सातारा जिल्ह्यातील फलटण येथेही तयार केली. ५.९ लिटरचे इंजिन टाटांच्या मालवाहू ट्रकमध्ये बसले. भारतीय वाहतूकदाराच्या दृष्टीने डिझेल हा फेरीचा सर्वांत मोठा खर्च असल्याने तेथे इंजिनाची किंमत लिटरमागे मिळणाऱ्या किलोमीटरवरून होत असे. अमेरिकेत त्याच घराण्यातील इंजिनाची प्रतिष्ठा ओढण्याच्या आकड्यावर उभी राहिली.

स्पर्धेचा आकडा

१९८९ नंतर प्रत्येक तांत्रिक सुधारणेचा मोठा हिस्सा ओढशक्तीकडे वळला. फोर्डच्या १९९४ मधील ७.३ लिटरच्या पॉवरस्ट्रोक इंजिनाचा टॉर्क ४२५ पौंड-फूट होता. जनरल मोटर्सने इसुझूच्या सहकार्याने २००१ च्या पिकअपसाठी ६.६ लिटरचे ड्युरामॅक्स इंजिन आणले. त्याचा टॉर्क ५२० पौंड-फूट होता. २०१९ च्या रॅम पिकअपमधील कमिन्स इंजिनाने १,००० पौंड-फुटांचा टप्पा गाठला, तर फोर्डने २०२३ च्या पिकअपमध्ये तो १,२०० पर्यंत नेला. १९८९ ते २०१९ या तीस वर्षांत कमिन्स इंजिनाचे आकारमान ५.९ वरून ६.७ लिटर झाले. टॉर्क मात्र अडीचपट झाला. २०२३ च्या फोर्ड पिकअपची कमाल ओढक्षमता ४०,००० पौंड, म्हणजे अठरा टनांहून अधिक, जाहीर करण्यात आली.

या वाढीला निसर्गनियमांची मर्यादा होती. दहा टनांचे ओझे शंभर मीटर उंच चढविण्यास ९८ लक्ष जूल ऊर्जा लागते. एक लिटर डिझेलमध्ये साधारण ३६० लक्ष जूल ऊर्जा असते. तिच्या ४० टक्के भागाचे कामात रूपांतर झाले तरी त्या चढासाठी सुमारे दोन तृतीयांश लिटर इंधन लागणारच. सपाट रस्त्यावर उंच ट्रेलर ओढताना हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अधिक ओझ्यासाठी पिकअपची चौकट, आस व ब्रेकही भक्कम करावे लागतात आणि ते वजन रिकाम्या फेरीतही सोबत राहते. ओढण्याची क्षमता वापरली नाही तरी तिची किंमत इंधनातून चुकवावी लागते.

२००८ पर्यंत ओढक्षमतेचा आकडा प्रत्येक उत्पादक आपापल्या पद्धतीने ठरवीत असे. त्या वर्षी सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स या संस्थेने जे२८०७ हे मानक प्रसिद्ध केले. ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळचा ११.४ मैलांचा चढ भर उन्हात, वातानुकूलन चालू ठेवून, किमान ठरावीक वेगाने पार करणे ही त्यातील एक कसोटी होय. पुढील काही वर्षांत प्रमुख उत्पादकांनी हे मानक स्वीकारले. ओढक्षमतेच्या आकड्याला त्यामुळे विश्वासार्हता आली. तथापि त्या चढावर किती इंधन जळाले, याची नोंद या मानकात अपेक्षित नव्हती.

धुराचा प्रश्न आणि तिसरी बाजू

बचत व ओढ यांच्या जोडीला एकविसाव्या शतकात आरोग्याचा प्रश्न उभा राहिला. सिलिंडरमधील ज्वलन जितके उष्ण तितकी कार्यक्षमता अधिक. पण नायट्रोजनची ऑक्साइडेही तितकीच अधिक. २००६ पासून महामार्गांवरील डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्षात १५ भागांवर आणले गेले. २००७ पासून काजळी अडविणारी गाळणी प्रचारात आली. गाळणीत साचलेली काजळी जाळण्यासाठी जादा इंधन खर्च होई आणि मायलेज घटत असे. २०१० नंतर युरियाच्या द्रावणाने धूर शुद्ध करण्याची पद्धत आल्यावर ही हानी काही अंशी भरून निघाली, कारण इंजिन पुन्हा कार्यक्षमतेच्या दृष्टीने जुळविता येऊ लागले.

तथापि अनेक मालकांनी ही उपकरणे काढून टाकण्याचा मार्ग पत्करला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या अंदाजानुसार मागील दशकात ५,५०,००० हून अधिक डिझेल पिकअपमधील उत्सर्जन नियंत्रणे काढली गेली होती. या वाहनांच्या आयुष्यात त्यातून ५,७०,००० टनांहून अधिक जादा नायट्रोजन ऑक्साइडे बाहेर पडतील, असाही तिचा अंदाज होता. उत्पादकही या वादापासून दूर राहिले नाहीत. सुमारे ६,३०,००० रॅम पिकअपमध्ये चाचणीला चकविणारी यंत्रणा असल्याच्या आरोपावरून कमिन्स कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये १६७.५ कोटी डॉलरचा दंड मान्य केला. तोपर्यंत स्वच्छ हवा कायद्याखाली झालेला हा सर्वांत मोठा दिवाणी दंड होता. कंपनीने गैरकृत्याची कबुली मात्र दिली नाही.

कायद्याने स्वीकारलेले समीकरण

२००७ च्या ऊर्जा कायद्याने जड वाहनांसाठी इंधन निकष ठरविण्याचा अधिकार शासनाला दिला. त्यानुसार २०११ मध्ये पहिले नियम जाहीर झाले आणि ते २०१४ च्या वाहनांपासून लागू झाले. मूळ कायद्यानंतर जवळजवळ चार दशकांनी जड पिकअप इंधन निकषांच्या कक्षेत आले. या नियमांत 'कार्यगुणक' ही संकल्पना होती. वाहनाच्या भारक्षमतेला ७५ टक्के व ओढक्षमतेला २५ टक्के महत्त्व देऊन हा गुणक काढला जाई. गुणक जितका मोठा, तितकी इंधनखर्चाची मर्यादा सैल. २०१६ च्या दुसऱ्या टप्प्यातील नियमांनीही ही रचना कायम ठेवली.

या रचनेमागे तर्क होता. जे वाहन खरोखर अधिक काम करते त्याला अधिक इंधन लागणारच. त्याला लहान मोटारीच्या मापाने मोजणे अन्यायाचे ठरले असते. परंतु गुणकात मोजली गेली ती क्षमता, प्रत्यक्ष काम नव्हे. अठरा टन ओढू शकणारे पिकअप वर्षभर रिकामे धावले तरी त्याचा निकष अठरा टनांच्या क्षमतेवरूनच ठरत होता.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, जड डिझेल पिकअपच्या इतिहासात इंधनबचत अभियांत्रिकीच्या अपयशामुळे मागे पडली नाही. १९८९ च्या इंजिनाने बचत व ओढ एकत्र नांदू शकतात हे सिद्ध केले होते. त्यानंतरचा लाभ ओढशक्तीकडे वळला, कारण मोजला, जाहीर केला आणि मिरविला गेला तो तोच आकडा होता. इंधनाचा आकडा ग्राहकाच्या नजरेसमोर आणण्याचे बंधन वजनाच्या रेषेने टाळले. निकष आले तेव्हा ओढक्षमता त्यांच्या पायातच घातली गेली होती. समाज जे मोजतो त्याकडेच यंत्र झुकते. म्हणून काय मोजावे याचा निर्णय केवळ तांत्रिक नसतो. रिकाम्या फेरीतील इंधन आणि गाळणी काढलेल्या पिकअपचा धूर हे दोन्ही त्या निर्णयाच्या हिशेबात धरावे लागतात.