मतदार घरी का राहतो? होसकोट्याच्या निमित्ताने काही विचार

बंगळूरहून जुन्या मद्रास रस्त्याने पूर्वेस निघाले की शहराची गजबज थोडी मागे पडते न पडते तोच होसकोटे लागते. कानडीत ‘होस’ म्हणजे नवा आणि ‘कोटे’ म्हणजे किल्ला. महाराष्ट्रीय वाचकास हे गाव सर्वस्वी परके नाही. १६३८ मधील रणदुल्लाखानाच्या स्वारीनंतर विजापूर दरबाराने शहाजीराजांस कर्नाटकातील जो मुलूख जहागिरीदाखल दिला, त्यात बंगळूर व कोलार यांच्यासमवेत होसकोटेही होते. पुढे १७६८ च्या ऑगस्टात गुत्तीकर मुरारराव घोरपडे इंग्रजांचे साहाय्यक म्हणून येथे तळ देऊन असता हैदरअलीने त्यांच्या छावणीवर रात्री छापा घातला. धनी बदलले, निशाणे बदलली; परंतु आपला धनी कोण असावा, हे येथील रयतेस कोणी विचारले नाही.

हा प्रश्न विचारण्याची पहिली अस्फुट चाहूल म्हैसूर संस्थानात १८८१ साली लागली. दिवाण रंगाचार्लू यांनी त्या वर्षी प्रजाप्रतिनिधी सभा भरविली. पहिल्या अधिवेशनास १४४ प्रतिनिधी बोलाविले होते. दहा वर्षांनी प्रतिनिधी निवडण्याची पद्धत सुरू झाली, पण मताचा अधिकार सारा भरणाऱ्या व शिकलेल्या मोजक्या लोकांपुरताच राहिला. गाऱ्हाणे मांडावे, निर्णय मात्र सरकारने करावा, असा त्या सभेचा रिवाज होता. तरीही प्रजेचे मत विचारण्याजोगे असते, हे तत्त्व या भूमीत तेव्हापासून रुजू लागले, हे विसरता कामा नये.

प्रौढ मताधिकार आला तो स्वातंत्र्यानंतर. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी ३० लक्ष मतदारांची नोंद झाली होती आणि त्यांपैकी निम्म्याहून थोड्या कमी लोकांनी मत दिले. त्या यादीची एक हकीकत उद्बोधक आहे. उत्तरेतील अनेक स्त्रियांनी परक्या माणसास स्वतःचे नाव सांगण्याचे नाकारले व अमक्याची पत्नी, तमक्याची आई एवढीच ओळख दिली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी असल्या नोंदी ग्राह्य मानल्या नाहीत आणि सुमारे २८ लक्ष स्त्रियांची नावे गळाली. मतदार मतपेटीपाशी पोहोचण्यापूर्वीच वाटेत कसा अडतो, त्याचे हे पहिले मोठे उदाहरण होय. आजची कारणे निराळी आहेत. परंतु यादी आणि माणूस यांची ताटातूट हे मूळ दुखणे तेच आहे.

आता आपल्या परिसराकडे वळू. ५ डिसेंबर २०१९ रोजी कर्नाटकात विधानसभेच्या १५ जागांसाठी पोटनिवडणुका झाल्या. होसकोट्यात सुमारे ९१ टक्के मतदान झाले. त्या दिवसाचा तो उच्चांक होता. नीचांक नोंदविला तो कृष्णराजपुरम मतदारसंघाने, सुमारे ४७ टक्के. कृष्णराजपुरम काही दूरदेशी नाही. याच रस्त्यावर, शहराच्या बाजूस, पंधराएक किलोमीटरांवर ते आहे. दिवस एक, राज्य एक, हवामान एक; तरीही एका ठिकाणी दहांतले नऊ जण आले आणि दुसरीकडे दहांतले पाचही आले नाहीत. २६ एप्रिल २०२४ च्या लोकसभा निवडणुकीतही चित्र फारसे पालटले नाही. बंगळूर उत्तर, मध्य व दक्षिण या तिन्ही मतदारसंघांत ५३ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान मतदान झाले. होसकोटे ज्यात मोडते त्या चिक्कबळ्ळापुरात ते ७७ टक्क्यांच्या घरात गेले.

याचे उत्तर देताना शहरवासीयांस आळशी ठरविण्याचा मोह अनेकांस होतो. शुक्रवारचे मतदान, जोडून आलेला शनिवार-रविवार, मग सहलीस जाणारच, असे म्हटले जाते. पण ती सुट्टी होसकोट्यासही होतीच. शिक्षणाचा अभाव म्हणावा, तर शहर अधिक शिकलेले. एवढेच काय, देशाची मतदान यंत्रे बनविणाऱ्या दोन सरकारी कारखान्यांपैकी भारत इलेक्ट्रॉनिक्स बंगळूरची आणि बोटावरची शाई म्हैसूरची! साधने ज्यांच्या दाराशी निर्माण होतात त्यांनीच ती वापरू नयेत, याचे कारण स्वभावात न शोधता परिस्थितीत शोधले पाहिजे.

पहिले कारण यादीचे. कायद्यानुसार मतदाराचे नाव तो जेथे सामान्यतः राहतो तेथेच असावे लागते, आणि ते एकाहून अधिक मतदारसंघांत असता येत नाही. गावात पिढ्या एका घरात नांदतात. शहरात भाडेकरू दोनतीन वर्षांत बिऱ्हाड हलवितो. नाव मात्र जुन्या पत्त्यावरच राहते. असा माणूस जुन्या केंद्रावर जात नाही आणि नव्या केंद्रावर त्यास कोणी ओळखत नाही. शिवाय गेलेल्यांची व दुबार नावे यादीत राहिली की टक्केवारी आणखी खाली दिसते. म्हणजे शहराच्या उदासीनतेचा काही भाग हा यादीचाच दोष असतो.

दुसरे कारण चुरशीचे. अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९५७ साली असा विचार मांडला की, आपल्या एका मताने निकाल फिरण्याचा संभव जितका कमी, तितका माणसास मतदानाचा खटाटोप जड वाटतो. होसकोट्यात २०१८, २०१९ व २०२३ या तिन्ही वेळी एम. टी. बी. नागराज व शरत बच्चेगौडा हेच दोघे प्रमुख प्रतिस्पर्धी होते. २०१९ मध्ये शरत बच्चेगौडा अपक्ष म्हणून सुमारे साडेअकरा हजार मतांनी निवडून आले. प्रत्येक घरास आपले मत मोलाचे वाटावे, अशीच ही झुंज होती. शहरी मतदारास आपला उमेदवार नावानेही ठाऊक नसतो, आणि उमेदवारासही तो ठाऊक नसतो.

तिसरे कारण अधिक गंभीर आहे. रस्ता, पाणी, कचरा या नित्याच्या गोष्टी ज्या सभागृहाच्या हाती, त्या बंगळूर महानगरपालिकेची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली, आणि पुढील पाच वर्षे तेथे निवडणूकच झाली नाही. जवळच्या प्रश्नांवर मत विचारलेच गेले नाही, तर दूरच्या प्रश्नांवर ते देण्याची सवय टिकावी कशी?

अर्थात उंच टक्केवारी म्हणजे निर्मळ लोकशाही, असेही समजू नये. गटातटांची ईर्षा, नात्यागोत्यांचा आग्रह, उपकाराची भीड यांनीही रांगा लांबतात. ऑस्ट्रेलियाने १९२४ साली मतदान सक्तीचे केले आणि ६० टक्क्यांच्या आत असलेले प्रमाण पुढच्याच निवडणुकीत ९० च्या वर गेले. परंतु सक्तीने आणलेला मतदार आणि आपणहून आलेला मतदार यांत फरक राहतोच. होसकोट्यापासून घ्यावयाचा धडा एवढाच की, ज्यास आपण या गावचे आहोत असे वाटते व ज्यास कोणी तरी ‘मत देऊन आलात का?’ असे विचारते, तो घरी बसत नाही.

हा धडा आपणां परप्रांतवासी मराठी मंडळींस विशेष लागू पडतो. चाकरी-व्यवसायानिमित्त आलेल्या कित्येकांचे नाव साताऱ्याच्या, सांगलीच्या किंवा बेळगावच्या यादीत वर्षानुवर्षे असते आणि संसार मात्र येथे चालतो. मतदानासाठी एवढा प्रवास घडत नाही. येथे हक्क सांगता येत नाही. गावचे नाव काढणे म्हणजे नाळ तोडणे, ही भावना त्यामागे असते, आणि ती समजण्यासारखी आहे. परंतु नाव हलविल्याने गाव तुटत नाही. न हलविल्याने मात्र आपण दोन्हीकडे मुके होतो. नमुना ८ चा अर्ज भरला की नाव नव्या पत्त्यावर येते, आणि आपला मूक शेजारी बोलका नागरिक होतो.

मंडळाने ५० वर्षांत गणेशोत्सव, नाटके, ग्रंथालय यांच्याद्वारे परमुलखात आलेल्या माणसास ओळख दिली. वार्षिक सभा गणसंख्येअभावी तहकूब होते आणि अर्ध्या तासाने तीच मोजकी डोकी सर्वांच्या वतीने निर्णय घेतात, हा अनुभव कोणत्या संस्थेस नाही? राज्यकारभारातही नेमके हेच घडते, आणि तेथे मोल फार मोठे पडते. यापुढे नव्या सभासदाचे स्वागत करताना वर्गणीच्या पावतीबरोबर ‘यादीत नाव आले का?’ एवढे विचारण्याची प्रथा मंडळाने पाडावी. जे कोणी रयतेस शतकानुशतके विचारले नाही, ते आता आपणांस विचारले जात आहे; त्यास उत्तर देण्याइतके तरी आपण या भूमीचे झालो पाहिजे.