वटहुकूम-राज आणि पुण्याचे वाधवा सर



'टेंपररी' म्हणून टाकलेला पॅच वर्षानुवर्षं तसाच राहतो, हे आपल्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. बिहारने तेच कायद्याचं केलं!

अधिवेशन नसताना राज्यपाल वटहुकूम काढू शकतात. विधिमंडळ पुन्हा भरलं की सहा आठवड्यांत त्याचा कायदा व्हायला हवा, नाहीतर तो संपला. बिहार सरकार तो सभागृहात आणायचंच नाही. अधिवेशन उरकलं की तोच पुन्हा काढायचा.

पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे प्रा. डी. सी. वाधवा बिहारच्या जमीनधारणेचा अभ्यास करत होते. त्यांनी चिकाटीने मोजदाद केली: १९६७ ते १९८१ दरम्यान २५६ वटहुकूम, एक ते चौदा वर्षं जिवंत ठेवलेले. उसाचा एकच तेरा वर्षांहून जास्त!

सर थेट सुप्रीम कोर्टात गेले. 'यांचा काय संबंध?' हा आक्षेप कोर्टाने फेटाळला. २० डिसेंबर १९८६ रोजी न्या. भगवतींच्या घटनापीठाने ही घटनेशी फसवणूक ठरवली आणि वाधवांना खर्चापोटी १०,००० रुपये देववले.

खोड मात्र लगेच गेली नाही. २०१७ मध्ये सात न्यायाधीशांना, पुन्हा बिहारच्याच खटल्यात, तेच बजावावं लागलं. पण मोजायला कुणीतरी बसलं, म्हणून निदान जाब तरी विचारता आला.

चू.भू.द्या.घ्या.