बटुमीतला तो सोमवार

२८ जुलै २०२५, सोमवार. मी भंडाऱ्यात घरून काम करत होतो. लॅपटॉपवर टीमची मीटिंग, मोबाईलवर बटुमीचा पट. जॉर्जियातल्या त्या गावात बुद्धिबळाच्या महिला विश्वचषकाची फायनल, आणि दोन्ही खुर्च्यांवर भारतीय. कोनेरू हम्पी आणि आपल्या शेजारच्या नागपूरची दिव्या देशमुख.

नुसतं 'दिव्या जिंकली' म्हटलं की गंमत कळत नाही. हम्पी २००२ मध्ये ग्रँडमास्टर झाली, पंधराव्या वर्षी, भारतातली पहिली महिला. दिव्याचा जन्मच २००५ चा! तिच्याकडे ग्रँडमास्टरचा एक नॉर्मसुद्धा नव्हता. एरवी तीन लागतात, वर २५०० रेटिंग. पण कप जिंकला तर किताब थेट हातात. कँडिडेट्सची जागा दोघींची आधीच पक्की होती, त्यामुळे माझं सगळं लक्ष या किताबाकडे.

मुली पटावर बसतात हे आज साधं वाटतं. १९७६ मध्ये मुंबईच्या रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा केवढा गदारोळ! प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी सांगितलं, महिलांना अडवता येणार नाही.

तर, फायनल. क्लासिकलचे दोन्ही डाव बरोबरीत. मग सोमवारी टायब्रेक, प्रत्येकीला १५ मिनिटं, चालीमागे १० सेकंद जास्तीचे. खरं सांगतो, मला हम्पीच जिंकेल वाटत होतं. रॅपिडची जगज्जेती ती, २०१९ आणि २०२४, दोनदा. दिव्यानं हरिकाला टायब्रेकमध्येच हरवलं होतं, तरी माझा काही भरवसा बसेना.

पहिला रॅपिड बरोबरीत. दुसऱ्यात पांढरी मोहरी हम्पीकडे. पट रिकामा होत गेला आणि हम्पीचं घड्याळ संपत आलं. आता चाल सुचून उपयोग नाही, ती दहा सेकंदांत सुचायला पाहिजे. दिव्याच्या हातूनही सोपा विजय निसटतो की काय असं झालं, मी खुर्चीतून उठलो. पण शेवटची चूक हम्पीची झाली. काळ्या मोहऱ्यांनी दिव्या जिंकली, अडीच विरुद्ध दीड. भारताची ८८ वी ग्रँडमास्टर.

ती आईला मिठी मारून रडली. आणि नंतर काय म्हणाली माहितीये? मला एंडगेम शिकायला हवा! कप हातात घेऊन हे बोलायचं म्हणजे बघा.