एका विद्यापीठाचं एक वर्ष: कलकत्ता, १९१६-१७

विद्यापीठाचा वार्षिक अहवाल बहुतेक विद्यार्थी वाचत नाहीत. पण पीएचडीसाठी जागा शोधायची वेळ आली की आपण सगळेच त्याच पद्धतीची माहिती गोळा करू लागतो. नॅकची श्रेणी काय, एनआयआरएफमध्ये कितवा नंबर, मागच्या वर्षी किती पेपर छापून आले, किती पेटंट, किती करार, कोणती नवी इमारत. पेट झाली, आता आरआरसीसमोर सिनॉप्सिस मांडायचा आहे, अशा टप्प्यावर हे आकडे हाताशी असले की बरं वाटतं.

प्रश्न एवढाच आहे की एखाद्या विद्यापीठाचं एक वर्ष चांगलं गेलं की वाईट, हे त्या वर्षाच्या आकड्यांवरून कळतं का? हे तपासायला एक जुनं वर्ष घेऊ. त्याचा निकाल आज आपल्याला माहीत आहे, म्हणून ते सोयीचं आहे. विद्यापीठ कलकत्ता, आणि काळ साधारण जुलै १९१६ ते जुलै १९१७.

आधीची साठ वर्षं

कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तीन विद्यापीठं १८५७ साली सुरू झाली. तिन्ही लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर होती. म्हणजे शिकवायचं काम महाविद्यालयांचं. विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८६२ साली मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या बी.ए. तुकडीत पास झाले, पण ते शिकले एल्फिन्स्टन कॉलेजात. विद्यापीठाला स्वतःचे वर्ग नव्हते, प्रयोगशाळा तर लांबचीच गोष्ट.

१९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने सरकारचं नियंत्रण वाढवलं, त्यामुळे त्यावर भरपूर टीका झाली. पण त्याच कायद्यात एक दरवाजा होता: विद्यापीठांना स्वतः प्राध्यापक नेमता येतील, शिकवता येईल, संशोधन करता येईल. कलकत्त्यात या दरवाजाचा पुरेपूर उपयोग केला तो आशुतोष मुखर्जींनी. ते मूळचे गणिताचे, व्यवसायाने उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि १९०६ ते १९१४ कुलगुरू.

कायद्याने परवानगी दिली, पैसे दिले नाहीत. ते दोन वकिलांकडून आले. तारकनाथ पालित यांनी १९१२ मध्ये जमीन आणि रोख मिळून सुमारे १५ लाख रुपयांची मालमत्ता विद्यापीठाला दिली. रासबिहारी घोष यांनी १९१३ मध्ये १० लाख रुपये दिले. पालितांच्या देणगीतून भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राची दोन प्राध्यापकपदं झाली. घोषांच्या देणगीतून उपयोजित गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि वनस्पतिशास्त्राची चार. पालितांची अट होती की या पदांवर भारतीयच नेमायचे. सरकारी शिक्षण खात्यात वरच्या जागा बहुतेक युरोपियनांना मिळत आणि भारतीयांना त्याच कामाला कमी पगार, हे लक्षात घेतलं तर या अटीचं वजन कळेल.

२७ मार्च १९१४ रोजी अप्पर सर्क्युलर रोडवर विज्ञान महाविद्यालयाची कोनशिला बसली. काही दिवसांतच आशुतोषबाबूंची कुलगुरूपदाची मुदत संपली आणि त्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं.

आता ते वर्ष

जुलै १९१६ मध्ये विज्ञान महाविद्यालयात एम.एस्सी.चे वर्ग सुरू झाले. या वर्षाचा अहवाल आजच्या पद्धतीने लिहायचा झाला तर तो कसा दिसेल?

भौतिकशास्त्राचे पालित प्राध्यापक: चंद्रशेखर व्यंकट रामन. अजून रुजू नाहीत. अर्थखात्यात नोकरी चालू.

भौतिकशास्त्राचे घोष प्राध्यापक: देबेंद्रमोहन बोस. अभ्यासासाठी बर्लिनला गेले, युद्ध सुरू झालं, तिथेच अडकले. परतीची तारीख अनिश्चित.

प्रयोगशाळा: उभारणी चालू. युद्धामुळे युरोपातून उपकरणं येणं अवघड.

ग्रंथालय: जर्मन नियतकालिकं बंद. त्या काळात नव्या भौतिकशास्त्राचा मोठा भाग जर्मनमध्येच छापला जात होता.

अध्यापक: बरेचसे नुकतेच एम.एस्सी. झालेले तरुण.

रसायनशास्त्राची बाजू जरा बरी होती. प्रफुल्लचंद्र राय प्रेसिडेन्सी कॉलेज सोडून पालित प्राध्यापक म्हणून आले होते. पण भौतिकशास्त्र विभागाला आजची एखादी समिती भेट द्यायला आली असती तर तिने काय शेरा मारला असता, याची कल्पना करता येते. दोन प्राध्यापकपदं कागदावर भरलेली आणि वर्गात दोघंही नाहीत.

वर्ग कोण घेत होतं?

मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस. दोघंही प्रेसिडेन्सी कॉलेजचे, १९१५ च्या मिश्र गणिताच्या एम.एस्सी.त बोस पहिले आणि साहा दुसरे. १९१६ मध्ये अध्यापक म्हणून नेमणूक झाली तेव्हा दोघांचं वय २२. सुरुवात गणिताकडून झाली, नंतर दोघंही भौतिकशास्त्राकडे आले.

इथे थोडं थांबू या, कारण पुढे संशोधन करणाऱ्यांसाठी मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. साहांकडे उष्मागतिकी आणि वर्णपटशास्त्र असे विषय आले. एम.एस्सी. गणितात केलेल्या माणसाला हे विषय आधी स्वतः शिकायचे आणि मग शिकवायचे होते. पुस्तकं कुठून आणायची? शिवपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवणाऱ्या पॉल ब्र्यूल यांच्या खासगी संग्रहात जर्मन ग्रंथ होते, ते त्यांनी वाचायला दिले. म्हणजे जर्मन यायला हवी. दोघांनी तीही मेहनत घेतली.

या सक्तीच्या अभ्यासाचं पुढे काय झालं ते क्रमाने पाहू. १९१८ मध्ये दोघांचा वायूंच्या अवस्था-समीकरणावरचा संयुक्त पेपर 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्ये आला. १९२० मध्ये आइन्स्टाइन आणि मिंकोव्स्की यांच्या सापेक्षतेवरील मूळ लेखांचं त्यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर कलकत्ता विद्यापीठाने पुस्तकरूपात काढलं. प्रस्तावना प्रशांतचंद्र महालनोबिस यांची होती. या लेखांच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या इंग्रजी भाषांतरांत ते मोडतं.

त्याच १९२० मध्ये साहांचं आयनीभवनाचं समीकरण प्रसिद्ध झालं. ताऱ्याच्या प्रकाशात कोणत्या मूलद्रव्याच्या रेषा दिसतील हे तिथल्या तापमानावर आणि दाबावर कसं अवलंबून असतं, ते या समीकरणातून काढता येतं. त्यात काय एकत्र आलंय ते बघा: उष्मागतिकी आणि वर्णपट. वर्गात शिकवण्यासाठी म्हणून साहांनी स्वतः शिकलेले हेच दोन विषय.

तिकडे बर्लिनमध्ये अडकलेले देबेंद्रमोहन १९१९ मध्ये परतले. येताना त्यांनी प्लांक यांचे जर्मन ग्रंथ आणले आणि ते सत्येंद्रनाथांना दिले. प्लांकच्या प्रारण-नियमाची तेव्हाची मांडणी सत्येंद्रनाथांना पटत नव्हती. तो नियम नव्या पद्धतीने सिद्ध करणारा त्यांचा १९२४ चा लेख आइन्स्टाइननी स्वतः जर्मनमध्ये भाषांतरित करून छापून आणला. 'बोसॉन' हा शब्द त्यांच्याच नावावरून आला.

आणि रामन? जुलै १९१७ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ते जवळपास निम्म्या पगारावर रुजू झाले. १९०७ पासून कचेरीच्या आधी आणि नंतर ते बहुबाजार स्ट्रीटवरच्या 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स'मध्ये प्रयोग करत होतेच. प्राध्यापकाने परदेशात प्रशिक्षण घेऊन यावं अशी पदाची अपेक्षा होती, रामननी ती नाकारली, आणि विद्यापीठाने ती सोडून दिली. नियमावर बोट ठेवलं असतं तर हा माणूस हातचा गेला असता. रामन परिणामाचा शोध फेब्रुवारी १९२८ चा. प्रयोग झाले त्या असोसिएशनमध्ये, पण तेव्हा रामन पालित प्राध्यापकच होते.

१९१७ मध्ये आणखी एक काम झालं. पदव्युत्तर शिक्षण विद्यापीठाच्याच हातात घेणारे नियम लागू झाले आणि कला व विज्ञान अशा दोन पदव्युत्तर परिषदा तयार झाल्या. आशुतोषबाबू तेव्हा कुलगुरू नव्हते, पण या परिषदांचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं. माणसं प्रांताबाहेरूनही आणली गेली. प्राचीन भारतीय इतिहासाचे कारमायकल प्राध्यापक म्हणून १९१७ मध्ये आले ते देवदत्त भांडारकर, वर ज्यांचं नाव आलं त्या रामकृष्ण भांडारकरांचे चिरंजीव. वडील परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर, आणि मुलगा शिकवणाऱ्या विद्यापीठातला प्राध्यापक. दोन पिढ्यांमध्ये 'विद्यापीठ' या शब्दाचा अर्थ बदलला होता.

दुसरी बाजू

ही गोष्ट इथेच थांबवली तर ती फार गोड होईल. कलकत्त्याने माणसं मिळवली, पण सगळी टिकवता आली नाहीत. पैशांची तंगी कायम राहिली. सत्येंद्रनाथ १९२१ मध्ये नव्या ढाका विद्यापीठात गेले. १९२४ चा तो लेख ढाक्यातून लिहिलेला आहे. साहांना कलकत्त्यात प्रायोगिक कामासाठी पुरेसं साहाय्य मिळेना, १९२३ मध्ये ते अलाहाबादला गेले आणि १९३८ मध्ये परत आले. सरकारशी अनुदानावरून संघर्ष झाला. १९२२ मध्ये सरकारने अडीच लाख रुपये देऊ केले, पण कारभारावर अंकुश आणणाऱ्या अटींसह. आशुतोषबाबू तेव्हा पुन्हा कुलगुरू होते. त्यांनी विद्यापीठाच्या स्वातंत्र्याच्या मुद्द्यावर त्या अटी धुडकावल्या. तत्त्व म्हणून हे मोठंच आहे. पण अध्यापकांचे पगार आणि प्रयोगशाळेचा खर्च तत्त्वावर भागत नाही, ही अडचणही तितकीच खरी होती.

आणखी एक सावधगिरी. कमी साधनांत मोठं काम झालं, म्हणून साधनं नसली तरी चालतं, असा निष्कर्ष कोणी काढू नये. साहा आणि बोस यांचं काम सैद्धांतिक होतं, कागद-पेन्सिलवर पुढे जाऊ शकत होतं. साहांना प्रयोग करायचे होते तेव्हा त्यांची अडचण झालीच.

मग आपण काय बघायचं?

वार्षिक अहवालातले आकडे बहुतेक करून पाच-सात वर्षांपूर्वीच्या निर्णयांचं फळ असतात. यंदा छापलेला पेपर म्हणजे पूर्वी कधीतरी नेमलेला माणूस, तेव्हा घेतलेलं उपकरण, तेव्हा मिळालेलं अनुदान. तुम्ही आज प्रवेश घेणार आणि पुढची पाच वर्षं तिथे काढणार. त्यामुळे यंदा विद्यापीठात काय पेरलं जातंय हे तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचं आहे. १९१६-१७ डोळ्यांसमोर ठेवून मी या चार गोष्टी बघायला सांगेन.

१. गेल्या दोन-तीन वर्षांत विभागात कायमस्वरूपी नेमणुका झाल्या का? कोणाच्या? सगळा विभाग तासिका तत्त्वावर चालला असेल तर रँक कितीही चांगला असो, पुढचं चित्र अवघड आहे.

२. तरुण अध्यापकाला नवा विषय घ्यायची मुभा आहे का, की जुन्याच नोट्स फिरताहेत? अभ्यासक्रम शेवटचा कधी बदलला, हे विचारा.

३. ग्रंथालयात नसलेलं पुस्तक किंवा जर्नल हवं असेल तर तिथले विद्यार्थी काय करतात? ब्र्यूल यांच्यासारखा कोणी आसपास आहे का? हे संकेतस्थळावर मिळणार नाही, कँटीनमध्ये सीनियर्सना विचारावं लागेल.

४. गेल्या काही वर्षांत विभाग सोडून कोण गेलं आणि का? अहवालात रुजू झालेल्यांची यादी असते. गेलेल्यांची आपल्यालाच काढावी लागते. १९२५ साली कलकत्त्यात प्रवेश घेणाऱ्याला साहा का गेले हे कळणं फार उपयोगाचं ठरलं असतं.

गाईडला पहिल्यांदा भेटायला जाल तेव्हा विभागाच्या पेपरांची संख्या माहीत असेलच. सोबत या चार प्रश्नांची उत्तरंही शोधून ठेवा.