मनाच्या दुखण्याचा खर्च कोणाच्या खात्यावर?

धार जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाला, कुक्षीच्याही पुढे, डही हे तहसिलीचे गाव आहे. दक्षिणेला नर्मदा, तिच्या पलीकडे बडवानी आणि पश्चिमेला अलीराजपूर. वस्ती मुख्यतः भिल्ल-भिलालांची; घरात भिलाली, बाजारात निमाडी, कचेरीत हिंदी. धारचे जिल्हा रुग्णालय येथून शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे आणि इंदूरचे मानसिक रुग्णालय त्याच्याही पुढे. घरातल्या माणसाला ताप आला तर त्याला कोठे न्यायचे हे डहीत सर्वांना ठाऊक असते. पण तो रात्र-रात्र झोपत नाहीसा झाला, एकटाच बडबडू लागला किंवा विहिरीच्या काठावर जाऊन बसू लागला, म्हणजे काय करायचे, हा प्रश्न वेगळा. त्या प्रश्नात वैद्यकाइतकाच हिशेबाचाही भाग आहे. हा खर्च कोणी उचलायचा? गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत या प्रश्नाची जी उत्तरे दिली गेली, त्यांचा हा धावता आढावा.

धार आणि देवास या पवारांच्या गाद्या. कुक्षी परगणा धार दरबारचा. आपल्यापैकी कितीतरी घराण्यांचे पूर्वज कारकून, मामलेदार, शिक्षक म्हणून या मुलखात आले आणि इथलेच झाले. त्यामुळे डहीची गोष्ट आपल्याला परकी नाही. पण संस्थानी दप्तर पाहणाऱ्याला वेड लागलेल्या माणसाची नोंद शोधावी लागते. सारा, बिगार, तंटे, नजराणे यांचे रकाने असतात. मनाच्या आजाराचा रकाना बहुधा नसतो. तो खर्च घराने सोसायचा असे गृहीत धरलेले होते.

ब्रिटिश मुलखात १८५८ साली वेड्यांविषयीचे कायदे झाले. त्यांतून दंडाधिकाऱ्याच्या हुकमाने माणसाला इस्पितळात ठेवण्याची रीत सुरू झाली. ज्याची मालमत्ता असेल त्याचा खर्च त्या मालमत्तेतून, नसेल त्याचा सरकारी तिजोरीतून. १९१२ च्या कायद्यानेही हीच चौकट ठेवली. नागपूरला १८६४ साली इस्पितळ उभे राहिले. रत्नागिरीला आणि पुण्यात येरवड्याला इस्पितळे झाली. ठाण्याचे इस्पितळ १९०१ चे. नरोत्तमदास माधवदास हे दात्याचे नाव त्याला पुढे पुष्कळ वर्षे चिकटून राहिले. देणगीने इमारत उभी राहते, तिच्यावर नाव कोरता येते, उद्घाटन होते. खेड्यातल्या रोग्याकडे महिन्याला एकदा जाणाऱ्या माणसाच्या पगारावर नाव कोरता येत नाही. पुढच्या साऱ्या इतिहासात हा फरक पुन्हा पुन्हा दिसतो.

१९४६ साली भोर समितीने देशाच्या आरोग्याचा जमाखर्च मांडला. मानसिक रुग्णालयांत सुमारे चाळीस हजार लोकसंख्येमागे एक खाट होती. इंग्लंडमध्ये तेव्हा तीनशे माणसांमागे एक होती. समितीसाठी इस्पितळांची पाहणी करणारे रांचीचे कर्नल मूर टेलर यांनी स्पष्ट म्हटले, की ही ठिकाणे बरे करण्यापेक्षा कोंडून ठेवण्यासाठीच चालवली जातात. म्हणजे जो थोडा पैसा होता तोही भिंती, पहारा आणि जेवण यांवर जात होता. स्वातंत्र्यानंतर धार-देवास प्रथम मध्यभारतात आणि १९५६ साली मध्यप्रदेशात गेले. या विशाल राज्याच्या वाट्याला इंदूर आणि ग्वाल्हेर अशी दोनच मानसिक रुग्णालये आली.

१९७५ च्या सुमारास विचार बदलला. चंदीगडजवळ रायपूर राणी येथे डॉ. नरेंद्र विग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तर बंगलोरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने साकलवाडा येथे एक साधी गोष्ट करून पाहिली. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला आणि गावोगाव फिरणाऱ्या कर्मचाऱ्याला थोडे प्रशिक्षण द्यायचे, मोजकी औषधे केंद्रात ठेवायची आणि रोग्याला घरच्याजवळच बरे करायचे. हे जमते असे दिसून आले. ऑगस्ट १९८२ मध्ये केंद्रीय आरोग्य परिषदेने राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम स्वीकारला. कागद उत्तम होता. फक्त त्याच्याबरोबर पैशाची तरतूद केली गेली नाही. अंदाजपत्रकच नसलेला राष्ट्रीय कार्यक्रम, असे त्याचे वर्णन पुढे अनेक तज्ज्ञांनी केले आहे.

मग १९८५ साली बळ्ळारी जिल्हा निवडला गेला. वाचकांपैकी काहींना हा जिल्हा वेगळ्या कारणाने माहीत असेल. घोरपड्यांचे संडूर संस्थान याच जिल्ह्यात विलीन झाले. तिथे कानडी, तेलुगू, उर्दू आणि मराठी एकाच बाजारात ऐकू येतात. वीस लाखांच्या आसपास वस्तीच्या या जिल्ह्यात पाच वर्षे काम चालले. सरकारी केंद्रांतले नेहमीचे डॉक्टर आणि कर्मचारी, जिल्ह्याला एक लहानसे तज्ज्ञ पथक आणि औषधांचा नियमित पुरवठा, एवढेच भांडवल. बळ्ळारीने दाखवले की मोठे इस्पितळ न बांधताही जिल्हाभर उपचार पोचवता येतात. पण हे देशाच्या योजनेत यायला आणखी अकरा वर्षे लागली. १९९६ साली जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला तेव्हा त्यात जिल्हे होते फक्त चार.

६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका खाजगी निवासात आग लागली. तिथले रोगी साखळ्यांनी बांधलेले असल्यामुळे त्यांना पळता आले नाही. पंचवीसहून अधिक जण गेले. सर्वोच्च न्यायालयाने त्याची दखल घेतली. त्यानंतरच्या दहाव्या पंचवार्षिक योजनेत या कार्यक्रमासाठी १३९ कोटी रुपये ठेवले गेले आणि जिल्ह्यांची संख्या शंभराच्या वर गेली. पैसा वाढला तो असा, माणसे जळाल्यानंतर.

आज कागदावर चित्र बरे आहे. कार्यक्रम देशातल्या ७६७ जिल्ह्यांसाठी मंजूर आहे. एका जिल्ह्याला वर्षाला कमाल ८३ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य मिळू शकते. २०११ च्या जनगणनेत धार जिल्ह्याची लोकसंख्या २१ लाख ८५ हजारांच्या घरात होती. भागाकार करून पाहावा. कमाल रक्कम पूर्ण मिळाली आणि पूर्ण खर्च झाली असे मानले, तरी माणशी वर्षाला चार रुपयेदेखील पडत नाहीत. त्यातून तज्ज्ञाचा आणि पथकाचा पगार, औषधे, प्रशिक्षण, प्रचार आणि गाडीचे इंधन भागवायचे. गाडी धारहून निघाली तर डहीपर्यंत किती वेळा येईल, हे सांगायला जाणकार लागत नाही.

सरकारच्या बाहेरही प्रयोग झाले, आणि ते आपल्या भाषेच्या व प्रांताच्या जवळचे आहेत. मध्यप्रदेशातच सीहोर जिल्ह्यात २०११ पासून ब्रिटनच्या सरकारी मदतीवर पाच देशांच्या एका प्रकल्पाचे काम चालले. सरकारी दवाखान्यात ‘मनकक्ष’ ही समुपदेशनाची खोली त्यातूनच रुजली आणि पुढे राज्यातील जिल्हा रुग्णालयांत असे कक्ष उघडले गेले. दवाखान्यात सोय झाली, पण गावातून उपचाराला येणाऱ्यांचे प्रमाण म्हणावे तसे वाढले नाही. याच सुमारास शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेल्या अमरावती जिल्ह्यात टाटा विश्वस्त निधीच्या पैशाने तीस गावांत ‘विश्राम’ हे काम झाले. तिथे कार्यकर्ते घरोघर जात, माणसाशी बोलत आणि गरज पडेल त्याला डॉक्टरपर्यंत पोचवत. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरांपैकी जेमतेम चार जण मदत घेत होते. दीड वर्षाने ही संख्या सत्तावीसवर गेली. नाशिक जिल्ह्यात गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या पेठ तालुक्यात २०१३ पासून ‘आत्मीयता’ नावाचे काम कॅनडातल्या एका निधीवर चालले. गावातल्याच स्त्री-पुरुषांना दुसऱ्याचे दुःख ऐकून घ्यायला आणि वेळीच पुढे पाठवायला शिकवले गेले. पेठचा डोंगरी आदिवासी मुलूख आणि डहीचा मुलूख यांत फार अंतर नाही.

या तिन्ही कामांतून दोन गोष्टी हाती लागतात. पहिली ही, की दूरच्या गावात उपचार पोचवणारी खरी वस्तू म्हणजे चालत जाणारा, गावची बोली बोलणारा, पुन्हा पुन्हा येणारा माणूस. दुसरी ही, की असा माणूस ठेवायला पैसा बहुधा लंडन, कॅनडा किंवा मुंबईतून आला आणि ठराविक मुदतीसाठीच आला. अनुदान मुदतीचे असते. आजार मुदतीचा नसतो. छिन्नमनस्कतेच्या रोग्याला औषध वर्षानुवर्षे लागते. पुरवठा दोन महिने तुटला की आधीची सारी मेहनत वाया जाते, आणि घरचे म्हणतात, ‘डॉक्टरचेही काही चालले नाही.’

मग उरतो बडवा. पंढरपूरच्या बडव्यांशी या शब्दाची गल्लत करू नये. भिल्ल मुलखात बडवा म्हणजे देवाला विचारून दुखण्याचे कारण सांगणारा आणि उपाय करणारा. शहरातली माणसे त्याला हसतात. पण तो हाकेच्या अंतरावर असतो, रात्री-अपरात्री येतो, रोग्याच्या घरच्यांची नावे जाणतो आणि त्यांच्याच बोलीत बोलतो. त्यालाही कोंबडे, नारळ, धान्य द्यावे लागते. म्हणजे डहीचे घर आजही मनाच्या दुखण्यावर खर्च करतेच. इंदूरला जायचे तर रोग्याबरोबर निदान एक माणूस हवा, दोघांचे बसभाडे हवे, दोघांची मजुरी बुडते आणि हे दर महिन्याला. हा खर्च कोणत्याही सरकारी हिशेबात दिसत नाही. सरकारने वाचवलेला प्रत्येक रुपया प्रत्यक्षात अशाच घरांकडून वसूल होत आला आहे. नर्मदेच्या या पट्ट्यात तर घरांवर आणखी एक भार आला. सप्टेंबर २०१९ मध्ये सरदार सरोवर पूर्ण उंचीपर्यंत भरले आणि कुक्षीजवळचे निसरपूर पाण्याखाली गेले. घर-शेत गमावलेल्या माणसाच्या भरपाईत जमिनीचा आणि घराचा भाव लावता येतो. त्याच्या मनाचे काय झाले, याचा रकाना तिथेही नव्हता.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने हा जुना हिशेब निदान तत्त्वतः उलटा केला. तो २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. सरकारी वा सरकारी मदतीवर चालणारी मानसिक आरोग्य सेवा मिळणे हा आता हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला ती विनामूल्य मिळायला हवी, आणि किमान सेवा जिल्ह्यात नसतील तर दुसरीकडे घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने भरून द्यायचा आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीने सल्लाही मिळतो. १८५८ च्या कायद्यात रोग्याची मालमत्ता आधी मोजली जात होती; आता रोग्याचा हक्क आधी लिहिला आहे. हा फरक लहान नाही. पण हक्क वापरायला अर्ज लिहावा लागतो, आणि अर्ज लिहिणारा डहीत सहज सापडत नाही.

इथे आपल्यासारख्यांचे काम सुरू होते. धार, देवास, इंदूरची आपली मंडळे वाचनालये चालवतात, गणेशोत्सव करतात, आरोग्य शिबिरेही भरवतात. मनाच्या आजाराला एका दिवसाचे शिबिर पुरत नाही. शिबिरात रोग ओळखला जातो, पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळतात आणि सोळाव्या दिवशी रोगी होता तिथेच येतो. द्यायचेच असेल तर एखाद्या गटाने डहीच्या एका गावापुरते, पण पाच वर्षांसाठी द्यावे. भिलाली बोलणाऱ्या एका कार्यकर्तीचे मानधन, रोग्याचे आणि सोबत्याचे बसभाडे, औषध तुटले तर ते आणून देण्याची सोय. आणि ज्यांना देणे शक्य नाही त्यांनी माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज करावा. जिल्ह्याला या कामासाठी गेल्या वर्षी किती रुपये आले, किती खर्च झाले आणि त्यांतले डही तहसिलीत किती पोचले, एवढे तीनच प्रश्न त्यात लिहिले तरी पुरे.