ताबो : मातीच्या भिंतींनी जपलेली हजार वर्षे

१/ हिमाचल प्रदेशातील स्पिती खोरे समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. मोसमी ढग दक्षिणेकडील पर्वतरांगांवरच रिते होतात. म्हणून येथे उघडेबोडके डोंगर आणि नदीकाठी सातू-वाटाण्याची मोजकी शेते दिसतात. मात्र याच कोरडेपणाने एक अमूल्य ठेवा राखला.

२/ इ. स. ९९६ मध्ये पश्चिम तिबेटातील गुगे राज्याच्या येशे-ओ या राजाने ताबो येथे बौद्ध विहार स्थापिला. ४६ वर्षांनी त्याच्याच घराण्यातील जंगचुब-ओ याने जीर्णोद्धार केला. मंदिरातील शिलालेख नव्हे, तर भिंतीवर शाईने लिहिलेला लेख ही नोंद देतो.

३/ बाहेरून पाहता मातीच्या बसक्या इमारती. आत वैरोचनाभोवती भिंतींवर बसविलेल्या ३२ मृण्मय देवता आणि खाली चित्रांतून उलगडणारे बुद्धचरित्र. शैलीवर काश्मीरचा ठसा स्पष्ट आहे. खुद्द काश्मीर खोऱ्यात त्या काळातील भित्तिचित्रे उरली नाहीत, म्हणून ताबोचे मोल अधिक.

४/ ताबोला ‘हिमालयातील अजिंठा’ म्हणतात. पण अजिंठ्याला बेसाल्टच्या कड्याचा आधार आहे, ताबो कच्च्या विटांचे आहे. १९७५च्या किन्नौर भूकंपात त्याची हानी झाली, तरी प्राचीन मंदिर उभे राहिले.

५/ आता धोका पाण्याचा आहे. मातीच्या छतांतून गळणाऱ्या पाण्याचे ओघळ काही चित्रांवर उमटले आहेत. छत वेळच्या वेळी लिंपणे, हेच येथील इतिहासरक्षणाचे पहिले काम होय.